पूर्वी असे कधी झाले नव्हते

१८६८ साली मुंबईत एक सरकारी अहवाल छापून झाला. लिहिणारे ए. टी. एथरिज, हुद्दा लष्करी, पण काम इनाम जमिनींच्या चौकशीचे, त्यामुळे पुण्यातल्या जुन्या दफ्तरांशी त्यांचा जवळचा संबंध. अहवालाचा विषय मुंबई इलाख्यातले जुने दुष्काळ. दोन वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, ओरिसात दुष्काळाने इतकी माणसे मेली होती की सरकारला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. मग इलाख्या-इलाख्यांत जुने कागद उपसले गेले: आपल्या मुलखात पूर्वी असे काय काय घडून गेले आहे? मद्रासकडून डॅलयेल यांनी लिहिले, मुंबईकडून एथरिज यांनी.

त्यांच्या यादीची सुरुवात दुर्गादेवीच्या दुष्काळापासून होते. १३९६ पासून पुढे बारा वर्षे पाऊस नाही, गावे ओस, किल्ले पाळेगारांच्या हाती, अशी ही परंपरागत हकिगत. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासातही ती नोंदवली आहे. बारा वर्षे हा आकडा मी शब्दशः घेणार नाही. सलग बारा वर्षे पावसाचा थेंब नसेल तर हकिगत सांगायलाही कुणी उरत नाही. पण हकिगतीचा गाभा, म्हणजे एका पिढीत मुलूख उजाड झाला आणि तो पुन्हा वसवायला दुसरी पिढी लागली, हा अविश्वसनीय नाही. पुढे १७९१-९२ चा दुष्काळ येतो. मग १८०२ ते १८०४ चा, ज्यात आभाळाइतकाच होळकरांच्या फौजांचाही वाटा होता. जसजसे अलीकडे यावे तसतसे कागद दाट होत जातात.

या अहवालात मला सर्वांत बोलकी वाटते ती त्याची तारीख. कारण बरोबर आठ वर्षांनी, १८७६ च्या पावसाळ्यात, दख्खनवर जे कोसळले त्याला सरकारी पत्रव्यवहारात आणि विलायती वर्तमानपत्रांत अघटित, अपूर्व अशी विशेषणे लागली. हवामानाने झोडपले की माणसाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘पूर्वी असे कधी झाले नव्हते’. ते खोटे बोललेले नसते. पण ते तपासता येते, आणि दख्खनपुरते बोलायचे तर ते तपासण्याइतके कागद शिल्लक आहेत.

१८७६ चा हंगाम कसा गेला हे कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या गॅझेटियरच्या पुणे, अहमदनगर, सोलापूर या खंडांत वाचायला मिळते. तिन्ही खंड १८८४-८५ चे, म्हणजे घटनेनंतर आठ-नऊ वर्षांत लिहिलेले, आणि कलेक्टर कचेऱ्यांच्या अहवालांवर आधारलेले. तिन्हींतली हकिगत जवळपास एकच आहे. सुरुवातीचा पाऊस थोडा आणि तोही विखुरलेला, त्यामुळे खरीप हातचे गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस, ज्यावर सोलापूर-नगरकडची शाळू ज्वारी उभी राहते, तो जवळजवळ आलाच नाही, त्यामुळे रब्बीची पेरणीच झाली नाही. दख्खनच्या पूर्व पट्ट्यातला शेतकरी एक हंगाम गमावून दुसऱ्यावर जगतो. दोन्ही एकाच वर्षी जाणे हेच तिथले संकट.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, तो पुणे-नगर भागात पसरला, आणि त्याची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाने १८७६ मध्ये अहवाल दिला. म्हणजे ज्या वर्षी पाऊस गेला त्याच वर्षी, त्याच तालुक्यांचा कर्ज, सारा, पीक आणि पाणी यांचा तपशीलवार हिशेब सरकारच्या टेबलावर होता. पावसाचा भरवसा नसलेला मुलूख आणि ठरलेल्या हप्त्याने वसूल होणारा सारा, हे दोन्ही त्यात आलेले होते. तरी धक्का बसला. तो कशाचा होता?

माझ्या मते विस्ताराचा. एका तालुक्यात पाऊस नाही हे दरवर्षीचेच. पण १८७६ मध्ये खानदेशाच्या दक्षिणेपासून सोलापूर, विजापूर-कलादगी, हैदराबाद संस्थान, म्हैसूर आणि मद्रासपर्यंत एकसलग पट्टा कोरडा राहिला. शेजारच्या प्रांतातून धान्य येईल या हिशेबावर सगळी व्यवस्था उभी होती आणि शेजारीही तसाच उपाशी होता. त्यात रेल्वेमुळे धान्य जसे येऊ लागले तसे भावही आले. धान्य मुबलक असलेल्या गावातसुद्धा दुष्काळी भाव लागला, हा अनुभव शेतकऱ्याला खरोखर नवा होता. आभाळाने दगा देणे त्याच्या आज्याने पाहिले होते. बाजाराने एवढ्या लांबून, तारेवरून दगा देणे त्याने पाहिले नव्हते.

१८७७ च्या पहिल्या सहा महिन्यांचे कागद मोठे आहेत आणि परस्परविरोधी आहेत. एका बाजूला सर रिचर्ड टेंपल. जानेवारीत व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना मद्रास आणि मुंबईकडे दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून पाठवले. तीन वर्षांपूर्वी बंगाल-बिहारमधल्या टंचाईत टेंपल यांनी सढळ हाताने खर्च करून माणसे वाचवली होती आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. या वेळी ते काटकसर करून दाखवायला निघाले होते. कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोकड, हा त्यांचा दर. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्टाचे काम करणारा माणूस जगत नाही असे आकड्यांनिशी लिहिले, आणि मे महिन्यात मद्रासने दर वाढवला.

दुसऱ्या बाजूला पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या संस्थेने जिल्ह्या-जिल्ह्यांतून माहिती मागवली आणि मुंबई सरकारला एकामागून एक पत्रे लिहिली. ही पत्रे वाचताना त्यांतला स्वर लक्षात येतो. त्यांत विलाप कमी, हिशेब जास्त. अमुक गावची अमुक माणसे, अमुक मैलांवरचे काम, अमुक मजुरी, अमुक भाव. कैद्यालासुद्धा याहून अधिक धान्य मिळते, हा त्यांचा मुद्दा सरकारला बोचला. घरापासून दूरच्या मोठ्या कामावर जा आणि कमी मजुरी घ्या, असा हुकूम निघाल्यावर हजारो मजुरांनी काम सोडले. टेंपल यांना तो उर्मटपणा वाटला. सभेला ती गणिताने काढलेली निवड वाटली, आणि आज दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवले तर सभेचे गणित बरोबर दिसते.

तिसरा कागद जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेला आहे. सावित्रीबाई फुले यांचे जोतीरावांना पत्र, तारीख २० एप्रिल १८७७. दुष्काळाचे साल उलटून गेले तरी हाल संपले नाहीत, जनावरे मरून पडताहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, सत्यशोधक मंडळी मदतीचे काम करताहेत, सावकारांशी संघर्ष झाला, सरकारी अधिकाऱ्याला भेटावे लागले, असा त्याचा आशय. सरकारी कागदांत जे ‘संकटग्रस्त क्षेत्र’ आहे ते इथे माणसांचे गाव होते. मला या पत्रात आणखी एक गोष्ट दिसते. त्यात आभाळाबद्दल आश्चर्य नाही. पाऊस का गेला, असे कधी झाले होते का, हा प्रश्नच त्या पत्राला पडत नाही. पाऊस गेला हे गृहीत धरून पुढे माणसे काय करताहेत एवढेच त्यात आहे. त्याच सुमारास पुण्यात धनकवडीला उपाशी मुलांसाठी जोतीरावांनी आश्रम उघडला. वासुदेव बळवंत फडके यांनी पुढे १८७९ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनातही दुष्काळ आहे, पण तिथे तो थेट राज्याविरुद्धच्या संतापाचे कारण म्हणून येतो. आश्चर्य ही बहुधा ज्याच्या घरात धान्य असते त्याची भावना असावी.

किती माणसे मेली याचा हिशेब कुणाच्याच पत्रात सापडणार नाही. त्यासाठी शिरगणती पाहावी लागते. १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान सोलापूर आणि कलादगी जिल्ह्यांची वस्ती सुमारे एक पंचमांशाने घटलेली आहे. सगळे मेले असे नाही. मराठवाड्याकडे, वऱ्हाडाकडे, मुंबईकडे गेलेले आणि न परतलेलेही त्यात आहेत. १८८० च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखातल्या जादा मृत्यूंचा अंदाज पन्नास लाखांच्या वर दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याहून मोठे आहेत. दुष्काळी कामांतून जे उभे राहिले त्यांतला धोंड-मनमाड लोहमार्ग आजही चालू आहे. दौंडवरून मनमाडला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते कुणास ठाऊक.

आता आभाळाकडे वळू. कारण ‘पूर्वी असे कधी झाले नव्हते’ या वाक्याची वैज्ञानिक तपासणी याच दुष्काळाने सुरू झाली.

१८७५ मध्ये सरकारने देशभरच्या वेधशाळा एका खात्याखाली आणल्या आणि त्यावर हेन्री ब्लॅनफर्ड यांना नेमले. त्याआधीही वेधशाळा होत्याच. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची, आणि १८४१ पासून तिथे नियमित वेध घेतले जात. तिथे ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम केलेल्यांत एक केरो लक्ष्मण छत्रे होते, पुढचे पुण्याचे केरूनाना, टिळकांचे गणिताचे गुरू. पण प्रत्येक इलाख्याची नोंदवही वेगळी, उपकरणे वेगळी, वेळा वेगळ्या. ब्लॅनफर्ड यांनी त्या एका मापावर आणायला घेतल्या आणि दुसऱ्याच वर्षी दुष्काळ आला. नव्या खात्याची पहिली परीक्षा इतकी कठीण असावी हा योगायोग.

१८७७ चा त्यांचा वार्षिक अहवाल मुख्यतः तक्त्यांचा आहे. पण त्या तक्त्यांत एक गोष्ट उठून दिसत होती. हवेचा दाब महिनोन्‌महिने सरासरीपेक्षा जास्त राहिला होता, आणि एका ठाण्यावर नव्हे, देशभर. ब्लॅनफर्ड यांनी बाहेरच्या वेधशाळांकडून आकडे मागवले. मॉरिशस, ऑस्ट्रेलिया, सैबेरिया. दाबाचा हा फुगवटा भारताच्या सीमेवर थांबत नव्हता. १८८० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी रशिया आणि भारत यांच्यातल्या दाबाच्या झोक्याविषयी लिहिले: तिकडे वर तर इकडे खाली. झोका त्यांना दिसला होता. त्याची खरी कडी कुठे बांधली आहे ते मात्र अजून दिसायचे होते.

तोवर लोकांनी दुसरे कारण शोधले होते: सूर्यावरचे डाग. हे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात आणि घटतात. भारत सरकारचे सांख्यिकी प्रमुख विल्यम हंटर यांनी मद्रासच्या १८१३ पासूनच्या पावसाच्या नोंदी घेऊन डाग कमी तेव्हा पाऊस कमी असा संबंध मांडला, आणि नोव्हेंबर १८७७ मध्ये नॉर्मन लॉकियर यांच्यासह एका विलायती मासिकात ‘सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ’ हा लेख लिहिला. कल्पना मोहक होती. दुष्काळाला वेळापत्रक असते तर सरकारचे आणि शेतकऱ्याचेही अर्धे ओझे उतरले असते. पण त्याच वर्षी जनरल रिचर्ड स्ट्रॅची यांनी रॉयल सोसायटीपुढे मद्रासचे तेच आकडे उलटून पाहिले आणि त्यांत असा संबंध सिद्ध होत नाही असे दाखवले. हेच स्ट्रॅची पुढच्या वर्षी दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले. लष्करी इंजिनिअरने ज्योतिर्विदाला आकडेमोडीत धरावे, हे मला त्या काळातले एक सुखद दृश्य वाटते.

एव्हाना तारायंत्रांमुळे आणखी एक गोष्ट उघड होत होती. उत्तर चीनमध्ये त्याच वर्षांत भयंकर दुष्काळ होता. तिथल्या मृतांचा अंदाज नव्वद लाखांच्या पुढे जातो. ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा प्रांतात माणसे रस्त्यावर मरत होती. पाऊस एकाच वेळी इतक्या दूरदूरच्या ठिकाणी कसा हटतो? १८८८ मध्ये ॲडलेडच्या वेधशाळेचे चार्ल्स टॉड यांनी भारताचे आणि ऑस्ट्रेलियाचे दुष्काळ बहुधा जोडीने येतात असे लिहिले. आज ज्याला एल निनो म्हणतात त्याची ही सगळी पावले होती. प्रशांत महासागराचा पूर्व भाग तापला की वर चढणारी हवा तिकडे सरकते आणि ऑस्ट्रेलियापासून हिंदी महासागरापर्यंत दाब वाढून बसतो. ब्लॅनफर्ड यांच्या तक्त्यांतला फुगवटा तो हाच. २०१८ मध्ये दीप्ती सिंग आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी आणि झाडांच्या वलयांच्या आधारे १८७६ ते १८७८ ची फेरतपासणी केली. १८७७-७८ चा एल निनो नोंदीतला अत्यंत बलाढ्य होता, त्याच वर्षी हिंदी महासागरही विक्रमी तिरका तापला होता, आणि अटलांटिकही उष्ण होता. तीन महासागर एका वेळी फिरले. तरीही त्यांचा निष्कर्ष असा की हे सगळे हवामानाच्या स्वाभाविक चढउतारांतून घडू शकते. म्हणजे माणसाने हवा न बदलताही असे घडले होते, आणि म्हणूनच ते पुन्हा घडू शकते.

ब्लॅनफर्ड १८८२ पासून हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचे अंदाज बांधू लागले, आणि ४ जून १८८६ रोजी साऱ्या हिंदुस्थानासाठी पहिला रीतसर अंदाज निघाला. त्यांच्यामागून आलेले जॉन एलियट केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आलेले. त्यांनी बर्फाला हिंदी महासागराची, ऑस्ट्रेलियाची स्थिती जोडली आणि अंदाजाचा कागद वर्षागणिक जाड होत गेला. १८९९ च्या जूनमध्ये त्या कागदाने सांगितले की पाऊस सरासरीहून बरा होईल.

झाले उलटे. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास. १८७७ मध्ये ती सुमारे ६०४ वर उतरली होती, आणि १८९९ मध्ये सुमारे ६२९ वर. नोंदीतला दुसऱ्या क्रमांकाचा नीचांक, आणि तो चांगल्या पावसाच्या अंदाजाच्या पाठीवर. सर्वांत मोठा धक्का गुजरातेला बसला. संवत १९५६ वरून तिथे त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. गुजरातला दीर्घकाळ असा दुष्काळ ठाऊक नव्हता. गुरे ढिगांनी मेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने गुजराती शेतकऱ्याला हालअपेष्टांची सवय नव्हती असा शेरा मारून ठेवला आहे. हा शेरा वाचून राग येतो, कारण ज्याला सरकारी अंदाजाने भरवसा दिला त्याच्याच स्वभावाला दोष दिलेला आहे. पण रागाखाली एक खरी गोष्ट आहे. ज्या मुलखाच्या आठवणीत दुष्काळ नाही, तिथे तो येण्याआधी गवत साठवणारा कुणी नसतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला १८७६ ची आठवण होती, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्याला नव्हती. खात्याची मात्र नाचक्की झाली, आणि पुढची काही वर्षे पावसाचा अंदाज सरकारी कामापुरता, गोपनीय ठेवला जाऊ लागला.

या काळात पुन्हा ते वाक्य ऐकू येते, पण नव्या रूपात. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९००, आणि त्यापुढेही काही कमी पावसाची वर्षे. आता लोक नुसते ‘असे कधी झाले नव्हते’ म्हणत नव्हते. हवामानच कायमचे बदलले आहे का, असे विचारत होते. जंगले तोडल्यामुळे पाऊस हटला, असे म्हणणारेही पुष्कळ होते.

या प्रश्नाला १९१० मध्ये सरळ उत्तर मिळाले. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झाले. गणितात केंब्रिजला पहिले आलेले, बूमरँगच्या उड्डाणावर लिहिलेले, बासरीचे शौकीन आणि हवामानशास्त्र अजिबात न शिकलेले. कदाचित म्हणूनच त्यांनी कुठल्याही सिद्धांतावर विसंबायचे नाही असे ठरवले. हिंदी कारकुनांची फौज बसवून जगभरच्या आकड्यांमध्ये सहसंबंध शोधायचे, हे त्यांचे काम. त्यातूनच १९२४ मध्ये त्यांनी दाबाच्या त्या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. हवामानबदलाचा प्रश्नही त्यांनी तसाच हाताळला. खात्याच्या स्मरणिकांच्या एकविसाव्या खंडात त्यांचा निबंध आहे: हिंदुस्थानच्या हवामानात झाल्याचे मानल्या जाणाऱ्या बदलांचा वेधशास्त्रीय पुरावा. उत्तर स्वच्छ आहे. १८९५ नंतरची तूट मोठी आहे, पण कायमच्या बदलाचा पुरावा नाही. लोकांना जे नवे वाटत होते ते आकड्यांच्या दृष्टीने दुर्दैवी वर्षांचे एका जागी आलेले टोळके होते. पुढच्या पावसाने वॉकर यांची बाजू बव्हंशी खरी केली.

त्यांचे खाते १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात आणि समोरच्या चौकालाही तेच नाव आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण वह्यांचा मोठा भाग पुण्यातच राहिला. तेव्हा वॉकर यांच्या प्रश्नाची पुढची तपासणीही पुण्यात व्हावी यात नवल नाही.

२००६ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेशी संबंधित भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध छापला. मध्य भारत, १९५१ ते २०००, आणि रोजचा पाऊस. मोसमाची बेरीज पाहिली तर ठळक कल नाही. वॉकर असते तर त्यांनी याच ओळीवर बोट ठेवून पुन्हा ‘बदल नाही’ असे लिहिले असते. पण दिवस मोजले तेव्हा चित्र फिरले. एका दिवसात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले, दीडशेच्या वरचेही वाढले, आणि मधला, रोजचा, पिकाला उपयोगी पडणारा पाऊस कमी झाला. एकाने दुसऱ्याची वजाबाकी केली आणि बेरीज जागच्या जागी राहिली. २०२० मध्ये याच संस्थेने तयार केलेल्या, भारतीय प्रदेशातल्या हवामानबदलाच्या अहवालात आणखी आकडे आहेत: १९०१ ते २०१८ मध्ये देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, १९५१ ते २०१५ मध्ये उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने तापला, आणि मध्य भारतात दीडशे मिलिमीटरवरच्या पावसाचे दिवस १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, हे त्यामागचे साधे भौतिकशास्त्र.

म्हणजे १८७६ मध्ये ते वाक्य एथरिज यांच्या अहवालाने खोडले असते, १९१० मध्ये ते वॉकर यांनी खोडले, आणि आज त्याच वह्या त्याला दुजोरा देतात. जंगलतोडीला दोष देणाऱ्यांची भीती तेव्हा चुकीची ठरली हे आजच्या निष्कर्षाविरुद्ध वापरणारे लोक भेटतात. त्यांनी दोन्ही निबंध एकदा शेजारी ठेवून पाहावेत. पद्धत एकच आहे, उत्तर बदलले आहे, कारण आकडे बदलले आहेत.

एका दिवसाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. २६ जुलै २००५ ची मुंबई हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या मापकात ९४४ मिलिमीटर पाऊस भरला. तिथला आधीचा विक्रम ५ जुलै १९७४ चा, ३७५ मिलिमीटरचा. अडीचपट. ज्यांनी तो दिवस कमरेएवढ्या पाण्यात काढला त्यांना असे पूर्वी कधी झाले नव्हते हे सांगायला कुणाच्या आकड्यांची गरज नाही. पण सांताक्रूझची वही काही दशकांचीच आहे. मुंबईची जुनी वही कुलाब्याची, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली, वॉकर यांनी ज्या प्रकारच्या वहीवर विश्वास ठेवला असता अशी. तिथे त्या दिवशीचा आकडा आहे सुमारे ७३ मिलिमीटर. जुलैतला एक नेहमीचा दिवस.